दोनच भोकं राहिलीत

भिंतीला कान असतात म्हणे. आमच्या भिंतीला तोंड फुटलंय. वरच्या फ्लॅटमध्ये काम निघाल्यापासून मी सकाळी उठत नाही, उठवला जातो. आधी ड्रिलचा एक छोटा 'टर्र', मिस्त्रीने घसा साफ केल्यासारखा. मग जरा शांतता. आणि मग स्लॅबमधून, भिंतीतून, कपाटातून थेट माझ्या दाढेत उतरणारी घरघर. आवाज हवेतून जेवढा वेगाने जातो त्याच्या जवळजवळ दहापट वेगाने काँक्रीटमधून पळतो, आणि वाटेत फारसा दमतही नाही. त्यामुळे भोक नेमकं कुठं पडतंय ते कळायला मार्ग नसतो. हॉलमध्ये बसलो तर हॉलवर वाटतं, बेडरूममध्ये गेलो तर बेडरूमवर. बाथरूममध्ये तर ते माझ्या टाळूतच पडतंय अशी खात्री होते.

पण खरा छळ ड्रिलचा नाही, मधल्या शांततेचा आहे. मशीन सलग चाललं असतं तर कानात बोळे घालून मी निमूट बसलो असतो. ते थांबतं. मी पुस्तक उघडतो. एक ओळ वाचून होते आणि हातोडा सुरू होतो. ठक. ठक. ठक. चौथा ठोका पडतच नाही. मी छताकडे बघत बसतो. मिस्त्री पाणी प्यायला गेला? खिळा वाकला? की अंगठ्यावर बसला? चौथा ठोका पडल्याशिवाय मला पुढची ओळ वाचता येत नाही, आणि पडला की आधीची आठवत नाही.

हे नुसतं माझं रडगाणं नव्हे. १९७० च्या आसपास डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी माणसांना खोलीत बसवून अवचित मोठमोठे आवाज ऐकवले. आवाज चालू असताना मंडळींनी दिलेलं काम बऱ्यापैकी उरकलं. पडझड झाली ती नंतर, सगळं शांत झाल्यावर: मुद्रितं तपासताना चुका निसटायला लागल्या, अवघड कोडी लवकर सोडून दिली गेली. काही जणांना मात्र एक बटण दिलं होतं. अगदीच असह्य झालं तर दाबा, आवाज बंद होईल. पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलंच नाही, तरी नंतर त्यांची अवस्था इतरांपेक्षा पुष्कळ बरी होती. आवाज तोच, तेवढाच. फक्त तो बंद करणं आपल्या हातात आहे, एवढीच समजूत!

हे वाचल्यावर माझ्या संध्याकाळच्या चिडचिडीचा उगम सापडला. मिस्त्री गेलेला असतो, घर शांत असतं, आणि मी कारण नसताना अंगावर धावून जातो. "अहो, मी फक्त किल्ली कुठंय एवढंच विचारलं!" असं बायको म्हणते, तेव्हा ग्लास आणि सिंगर यांची साक्ष काढावी असं फार मनात येतं. ती ऐकून घेईल असं वाटत नाही.

रात्री तरी सुटका व्हावी, तर खाली कुणाच्या तरी गाडीचा अलार्म मांजर वरून गेलं तरी बोंबलतो. निसर्गाने डोळ्यांना पापण्या दिल्या, कानांना काही दिलं नाही. झोपेतही कान पहाऱ्यावरच असतात. आपल्याला जाग आली नाही तरी आवाजाने नाडी वाढते, झोप उथळ होते आणि सकाळी 'आठ तास झोपून पण अंग आंबलंय' असं आपण वयावर ढकलतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते चांगल्या झोपेसाठी बेडरूममधला सततचा आवाज ३० डेसिबलच्या वर जाऊ नये. माझं घोरणंच त्यात बसत नाही, असं घरातून सांगण्यात येतं. ते मी मोजलेलं नाही.

मिस्त्रीचं मात्र मोजलं. मोबाईलवर ॲप घेतलं, आकडा सत्तरीच्या पुढे गेला. डेसिबलचं गणित लबाड असतं: दहा वाढले की ऊर्जा दहापट होते, पण कानाला जेमतेम दुप्पट वाटते. हा पुरावा घेऊन मी वर गेलो.

"या या, बसा ना!" वरचे काका म्हणाले. बसायला सिमेंटची गोणी होती.

"काका, खाली फार आवाज येतो!"

"काय म्हणालात?"

"आवाज! आवाज येतो!"

"हो हो! परवा संपेल! दोनच भोकं राहिलीत!"

गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो हे एतिएन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्येच दाखवून दिलं होतं. आम्ही ते जिन्यापर्यंत दाखवून दिलं. शेजारची दारं उघडली. आमचं कडाक्याचं भांडण जुंपलंय असं सगळ्यांना वाटलं, आणि दोघं तिघं समजूत घालायला आले. तेही ओरडूनच समजूत घालत होते.

भांडून फायदा नसतो हे तसं जुनंच आहे. गणकयंत्राची कल्पना मांडणारा चार्ल्स बॅबेज लंडनच्या रस्त्यावर बाजा वाजवणाऱ्यांवर इतका चिडला होता, की त्याच्या खटपटीने १८६४ मध्ये त्यांच्याविरुद्ध कायदासुद्धा झाला. मग लोक मुद्दाम त्याच्या घराखाली येऊन वाजवायला लागले. तेव्हा मी कायद्याचा नाद सोडला आणि बटण मागितलं.

"काका, मला बाकी काही नको. फारच झालं तर थांबवायला कुणाला सांगू, तेवढं सांगा."

काकांनी आनंदाने मिस्त्रीचा नंबर दिला. "कधीही फोन करा. लगेच बंद करेल."

आणि खरंच, पुढचे काही दिवस सुखात गेले. ड्रिल तसंच घरघरत होतं, पण नंबर खिशात होता. मी वाचत होतो, किल्ली कुठंय ते नीट सांगत होतो. नंबर लावायची वेळच आली नाही. मग एका दुपारी टाइल कापायचं मशीन आलं. पहिल्या किंचाळीलाच मी फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली. परत लावला. परत वाजत राहिली. लावतच राहिलो.

संध्याकाळी काम थांबल्यावर त्याचाच फोन आला.

"साहेब, लय मिस कॉल दिसत्यात तुमचे. काही काम होतं का? मशीनपुढं काय ऐकूच येत नाही बघा."