रस्त्याला लागते तेवढीच जागा जात नाही

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय: ‘रस्त्याला जंगलाची एक टक्काही जमीन लागत नाही, बाकीचं जंगल जागच्या जागी राहतं. प्राण्यांना पाय आहेत, पक्ष्यांना पंख आहेत, जातील पलीकडे. नाहीतर प्राण्यांसाठी रस्त्याखालून भुयारी मार्ग बांधा.’ चटकन पटावं असंच लिहिलंय, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी तो एक टक्का. कागदावर किलोमीटरभर लांब-रुंद जंगलाचा चौकोन काढा: १०० हेक्टर. कडेचं ऊन, वारा आणि तण शंभर मीटर आत शिरतं असं धरा. खरा गाभा उरतो ६४ हेक्टर. आता मधून एक उभा, एक आडवा रस्ता काढा. चार तुकडे, प्रत्येकाचा गाभा जेमतेम ९ हेक्टर. म्हणजे ३६! रस्त्याची रुंदी तर मी मोजलीच नाही.

पंखांचं म्हणाल, तर ब्राझीलमध्ये मनाउसजवळ १, १० आणि १०० हेक्टरांच्या तुकड्यांचा अभ्यास १९७९ पासून चालू आहे. तिथे लष्करी मुंग्यांची फौज निघाली की पाचोळ्यातले किडे जीव घेऊन पळतात आणि मुंग्यांमागे फिरणारे पक्षी ते टिपतात. लहान तुकडा अशा फौजेला पुरत नाही. तिथून हे पक्षी नाहीसे झाले. गर्द सावलीतला पक्षी उघडं रान ओलांडायला धजावत नाही. भोवती पुन्हा झाडी वाढली, तेव्हा कुठे त्यातले काही परतले.

आणि पाय? फ्लोरिडातले पँथर, म्हणजे तिथले प्यूमा (बिबटे नव्हेत), कोंडले गेले, १९९०च्या सुमारास वीस-तीसच उरले. आपसातच प्रजनन होऊन शेपट्या वाकड्या, हृदयात दोष. १९९५मध्ये टेक्सासहून आठ माद्या आणून सोडल्या, तेव्हा संख्या सावरली. चालत कोणी येऊच शकत नव्हतं.

भुयारी मार्गांचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. कॅनडातल्या बॅन्फमध्ये महामार्गाला कुंपण घातलं, वरून-खालून वाटा दिल्या आणि वाहनांच्या धडकेत मरणारे प्राणी खूप कमी झाले. पण प्राण्यांना त्या वाटांची सवय व्हायला वर्षं लागली, आणि दोन्ही टोकांना जंगल शाबूत होतं. म्हणून असा मार्ग मंजूर करताना पुलाच्या रुंदीआधी विचारायला हवं, की पलीकडची जमीन कोणाच्या ताब्यात आहे आणि वीस वर्षांनी तिथे झाडं असतील का.