गाडी निघालीय, साहेब!

साइटवर विटेला हातही न लावता ‘वीट का आली नाही’ याचा जाब ज्याला द्यावा लागतो, तो प्लॅनिंग इंजिनियर. म्हणजे मी. सध्या माझ्या मानगुटीवर गुजरातमधल्या मोरबीच्या टाइल्स बसल्या आहेत. सॅम्पलची मंजुरी, ऑर्डर, माल तयार होणं, वाहतूक अशा चार ओळी मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट या वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून एकमेकींना जोडल्या, की कामांचे निळे पट्टे आज्ञाधारकपणे रांगेत उभे राहतात.

सॉफ्टवेअर फार सज्जन. त्याच्या मूळ कॅलेंडरात सगळं जग सोमवार ते शुक्रवार आठ ते पाच राबतं आणि बारा ते एक जेवतं. वाहतुकीला तीन दिवस दिले आणि ट्रक शुक्रवारी निघाला, तर शनिवार-रविवार तो हायवेवर स्वस्थ उभा! त्यावर तोड आहे. ‘३डी’च्या (कामाचे तीन दिवस) जागी ‘३ईडी’ (सुट्ट्या-रात्री धरून सलग तीन दिवस) लिहायचं, मग ट्रक रात्रंदिवस धावतो. स्क्रीनवर. खरा ट्रक शहराच्या वेशीवर अडतो, कारण दिवसा अवजड वाहनांना बंदी. आणि रात्री आत शिरतो तेव्हा हमाल घरी गेलेले असतात.

बरं, माल लवकर आला तर ठेवायचा कुठे? पार्किंगमध्ये आधीच सळ्या. म्हणून ऑर्डरला ‘शक्य तितकं उशिरा’ हा पर्याय लावला. त्यानं हाताशी असलेला सगळा फ्लोट, म्हणजे उशिराला असलेली सवड, गिळला. आता एक दिवस हुकला तरी फ्लॅटच्या ताब्याची तारीख पुढे. सप्लायरला मात्र हा पर्याय कुणी लावावा लागत नाही.

“गाडी निघालीय, साहेब.”

“कुठवर आली?”

“भरतायत ना!”

हे काम किती टक्के झालं धरायचं? मी पन्नास टाकले.

मीटिंगमध्ये साहेबांनी वाहतुकीच्या लाल, म्हणजे जराही उशीर न परवडणाऱ्या पट्ट्यावर बोट ठेवलं. “वाहतुकीला तीन दिवस कशाला? एक कर.” केला. पट्टा निळा झाला, सगळ्यांना हायसं वाटलं, चहा आला.

टाइल्स त्यानंतर आठवड्यानं आल्या. खोकी मोजली, बरोबर भरली. बॅच नंबर मात्र दोन निघाले, म्हणजे रंगाच्या शेड दोन. मी ‘माल पोचला, शंभर टक्के’ भरत होतो, तेवढ्यात मिस्त्री दोन टाइल्स उन्हात शेजारीशेजारी धरून आला.

“सर, सॅम्पल फ्लॅटला कुठली लावू आणि गिऱ्हाइकाला कुठली?”