राळ उडवायची असते, चिकटवायची नसते

पुण्यात रस्त्यावर पांढरे पट्टे मारायचं काम तुम्हाला मिळालं असेल, तर अभिनंदन. पेढे सावकाश वाटा. आधी एक धोका ध्यानात घ्या: पट्टा चिकटू शकतो. आणि एकदा का तो नीट चिकटला, की दोन-दोन पावसाळे जागचा हलत नाही. मग पुढच्या वर्षी निविदा कशाची निघणार? लोकांना सवय लागेल ती वेगळीच. आज झेब्रा मागतायत, उद्या झेब्र्यावर गाड्या थांबवा म्हणतील.

पूर्वी बरं होतं. रंगाचा डबा, ब्रश, चुन्यात बुडवलेली दोरी. चार महिन्यांत रंग आपल्या पायांनी निघून जायचा. आता थर्मोप्लास्टिक आलंय. पोत्यात भुकटी येते, तांदळाच्या पिठीसारखी. तिला रंग म्हणतात, पण ती मुळात चिकटणारी वस्तू. सरकारी नियमाने तिच्यात किमान 18 टक्के राळ हवी, 30 ते 40 टक्के काचेचे मणी, पांढऱ्या पट्ट्यासाठी किमान 10 टक्के टायटॅनियम डायऑक्साइड आणि उरलेली चुनखडीची पूड. राळ म्हणजेच रेझिन. काही पेट्रोलियमपासून निघतं, काही चीड झाडाच्या डिंकापासून. हीच राळ पूर्वी मशालीवर टाकून भपका उडवायचे. पुणेकराला भपक्यासाठी मशाल लागत नाही, सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप पुरतो.

तर ही राळ निकामी कशी करायची? सगळ्यात खात्रीचा उपाय धूळ. थर्मोप्लास्टिक चिकटतं कसं, तर साधारण 180 ते 200 अंशांवर वितळवून ओतलं की खालचं डांबर त्या उष्णतेने जरासं मऊ होतं आणि दोघं एकमेकांत मुरतात. मध्ये धूळ असली की राळ धुळीला घट्ट धरते, धूळ मात्र रस्त्याला धरत नाही. म्हणून झाडणाऱ्या माणसाला चहाला पाठवा आणि तो यायच्या आत पट्टा ओतायचा गाडा ढकला. कुंडीतली माती, खडी, रात्रीच्या भेळेचा कागद, काहीही चालेल. वाटेत दुचाकी उभी असेल तर हलवू नका, तिला वळसा घालून पट्टा मारा. मालक गाडी काढून घेऊन गेल्यावर रस्त्यावर जो आकार उरतो, त्याच्याइतका पुण्याचा अचूक नकाशा मी पाहिलेला नाही.

ओल तर देवाची देणगी. पहाटे दव असताना काम काढा. उकळता माल ओलसर रस्त्यावर पडला की खालच्या पाण्याची वाफ होते, वर फोड येतात आणि पट्टा जाळीदार घावनासारखा दिसतो. पुढचं काम बसचे टायर करतात.

सिमेंटच्या रस्त्यावर फार विचारच करायला नको. तिथे मऊ व्हायला डांबरच नाही, त्यामुळे आधी प्रायमर मारावा लागतो आणि तो वाळेपर्यंत थांबावं लागतं. यातलं ‘थांबावं लागतं’ एवढंच लक्षात ठेवा आणि थांबू नका. आचेचंही तसंच. कमी ठेवलीत तर माल रस्त्यावर नुसता बसतो, जास्त केलीत तर राळ जळून तपकिरी आणि ठिसूळ होते. दोन्हीत फायदा तुमचाच.

काचेचे मणी मात्र दिसतील असे टाका, कारण फोटो त्यांचाच निघतो. पट्टा गरम असतानाच वरून दर चौरस मीटरला 250 ग्रॅम मणी पडायला हवेत आणि प्रत्येक मणी साधारण अर्धा बुडायला हवा. मग गाडीचा दिवा त्यात शिरून उलट ड्रायव्हरच्याच डोळ्यांकडे परततो. तुम्ही जरा उशीर करा. साय धरल्यावर टाकलेले मणी टणाटण उडून गटाराच्या कडेला जमतात. रात्री गटार सुरेख चमकतं.

कुणी नियम दाखवलाच तर घाबरू नका. पट्ट्यांची संहिता आहे, आयआरसी 35, इंडियन रोड्स काँग्रेसची. ही संस्था 1934 साली स्थापन झाली ती जयकर समितीच्या शिफारशीवरून, आणि तेच मुकुंदराव जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. म्हणजे पट्ट्यांच्या नियमांचे आजोबा विद्यापीठात बसायचे. विद्यापीठ चौकातून सायंकाळी सहा वाजता जाऊन बघा, नातवंडं कशी वागतात ते.

कॅट आय, म्हणजे रस्त्यावर बसवतात ती रात्री चमकणारी बटणं, चिकटवायचे असतील तर एपॉक्सीचे दोन डबे मिळतात, राळ आणि हार्डनर. नीट कालवले तर दगड होतो, अर्धवट कालवले तर आतून मऊच राहतात. तुम्ही अर्धवट कालवा. आठ दिवसांत सगळे कॅट आय सुटून मुलांच्या दप्तरांत गेलेले असतील. तिथे त्यांची जास्त काळजी घेतली जाते.

एवढं करूनही पट्टा चिकटलाच, तर निराश होऊ नका. पुण्यात कुठल्याही नव्या पट्ट्याच्या बरोब्बर मधून पंधरवड्यात कुणीतरी केबल नेतंच. खड्डा बुजतो, पट्टा दोन तुकड्यांत उरतो आणि चर ओलांडणारं वाहन त्याला ओव्हरटेकची मुभा देणारी तुटक रेघ समजून ओव्हरटेक करतं.

काम बरं झालंय की नाही हे बघायची एक जुनी रीत आहे. गार झालेल्या पट्ट्याखाली छिन्नी घालून तुकडा उचकटायचा आणि उलटा करायचा. पाठीला डांबर, खडी लागून आली तर पकड चांगली. पाठ स्वच्छ निघाली तर तुम्ही जिंकलात.

आमच्या गल्लीत छिन्नी लागली नाही. जूनच्या पहिल्या पावसात तळहाताएवढा तुकडा आपणहून फाटकाशी आला. मी उचलून उलटा केला. डांबराचा कण नव्हता. मातीचा एक सबंध थर होता, गुलमोहराची बारीक पानं वहीत ठेवल्यासारखी दाबलेली, आणि मधोमध गुटख्याची पुडी. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, त्यामुळे ती पुडी पुरातत्त्व खात्याकडे द्यावी असं क्षणभर वाटलं. कडा जरा जळकटल्या होत्या, पण धोक्याची सूचना अजून वाचता येत होती.

तुकडा टेबलावर ठेवलाय, बिलं उडू नयेत म्हणून. काल पुडी तेवढी सोडवून टाकावी म्हणून आधी नख लावलं, मग उलथनं, मग गरम पाणी. सुटत नाही.