धाक दाखवून घेतलेले जबाब : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

न्यूरेंबर्गला नाझींवर खटला चालवणारे अमेरिकी वकील बेंजामिन फेरेंझ यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. पहिल्यांदा चिडून, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : वकील, सैनिक आणि 'समर्पित पिता' म्हणून मी या माणसाची नुसती आरती ओवाळली. हाच माणूस 1945मध्ये जर्मन गावकऱ्यांना भिंतीशी उभं करून, खोटं बोललात तर गोळी घालीन, असं धमकावत जबाब घेत होता, ते मी दडपलं. शिवाय नाझींच्या सुमारे तीन हजार जणांच्या मारेकरी पथकांपैकी फक्त 22 जणांवर खटला आणि चौघांना फाशी, याला न्याय कसं म्हणायचं?

गावकऱ्यांच्या बाबतीत मी चुकलो. दडपणं वेगळं आणि गाळणं वेगळं, असा युक्तिवाद अशिलासाठी मी केलाही असता, पण तुमच्यापुढे करत नाही. ही गोष्ट फेरेंझ यांनी उतारवयात स्वतःच एका मुलाखतीत सांगितली होती. मला ती माहीत होती आणि लेखात अडचणीची वाटली, म्हणून मी ती घेतली नाही. आमच्या तालुका कोर्टात असा कबुलीजबाब पहिल्या तारखेलाही टिकला नसता. जुन्या साक्ष अधिनियमाचं कलम 24 नेमकं त्यासाठीच होतं. नाझी छळछावणीत सुटका झालेल्या कैद्यांनी एस.एस. या नाझी दलातल्या एकाला जिवंत जाळलं, तेव्हा आपण थांबवायला गेलो नाही, हेही त्यांनीच सांगून ठेवलं आहे. लेखात दोन्ही गोष्टी यायला हव्या होत्या.

पण तिथून पुढे दोनच वर्षांनी हा माणूस काय करतो, तेही बघा. बर्लिनमध्ये त्यांच्या हाताखालच्या संशोधकाला आइनझाट्सग्रुपेनचे, म्हणजे याच मारेकरी पथकांचे, अहवाल सापडले. कोणत्या गावात किती ज्यू, किती जिप्सी, किती कम्युनिस्ट मारले, याचा तारीखवार हिशोब. गल्ल्याचा मेळ लावावा तसा. फेरेंझ बेरीज करायचं यंत्र घेऊन बसले आणि आकडे चढवत गेले. बेरीज दहा लाखांपलीकडे गेली तेव्हा त्यांनी यंत्र थांबवलं, कागद उचलले आणि न्यूरेंबर्गला वरिष्ठांकडे, मुख्य सरकारी वकील टेलफर्ड टेलर यांच्याकडे गेले. टेलर म्हणाले, नव्या खटल्याला माणसं नाहीत, पैसा नाही. मग हाताशी असलेल्या कामाबरोबर हेही मीच करतो, असं फेरेंझ यांनी सांगितलं. वय 27. त्याआधी एकही खटला चालवलेला नाही. जेमतेम पाच फुटांची उंची, त्यामुळे व्यासपीठामागे पायाखाली पुस्तकं ठेवून उभं राहावं लागे.

29 सप्टेंबर 1947ला खटला सुरू झाला. सरकार पक्षाने आपली बाजू दोन दिवसांत संपवली आणि एकही साक्षीदार तपासला नाही. सगळी भिस्त आरोपींच्याच कागदांवर. पंचवीस वर्षं साक्षीदार फितूर होताना बघितलेल्या माझ्यासारख्याला यातली किंमत चटकन कळते. ज्याने बंदुकीच्या धाकाने जबाब घेतले होते त्यानेच पुढे कुणाच्याही जबाबावर विसंबायचं नाकारलं. हे दोन धागे जोडणारं त्यांचं स्वतःचं वाक्य माझ्यापाशी नाही. जोडतो आहे मी, आणि हे तुम्हाला पटलं नाही तरी चालेल.

आता आकडे. 24 जणांवर आरोप ठेवले, कारण आरोपींच्या पिंजऱ्यात बसायला जागा तेवढीच. ऐकायला विनोद वाटतो, पण कारण हेच होतं. एकाने आत्महत्या केली, एक आजारपणामुळे वगळला गेला, राहिले 22. चौदा जणांना फाशीची शिक्षा झाली, पण 1951मध्ये प्रत्यक्षात चौघेच फासावर गेले. उरलेले जवळपास सगळे 1958पर्यंत तुरुंगाबाहेर आले. तुमचा राग रास्त आहे. पण फेरेंझ यांनी फाशी मागितलीच नव्हती. दहा लाख जिवांना पुरेल अशी शिक्षाच नसते असं ते म्हणत. त्यांना हवा होता कायद्याचा निवाडा, पुढे कुणालाही लावता येईल असा. म्हणूनच 2003च्या इराक युद्धावरून त्यांनी स्वतःच्या देशाकडेही बोट दाखवलं. 2011मध्ये, वयाच्या 91व्या वर्षी, हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या पहिल्याच खटल्यात, काँगोतल्या सशस्त्र गटाचा नेता लुबांगा याच्याविरुद्धच्या, सरकार पक्षाच्या समारोपाच्या भाषणाला ते उभे राहिले. (ते न्यायालय स्थापण्यासाठी 1998मध्ये झालेल्या मतदानात भारत तटस्थ राहिला होता. पण तो वेगळा लेख.)

राहता राहिला 'समर्पित पिता'. इथे माझा पुरावा लंगडा आहे. मृत्युलेखांतला शब्द मी उचलला, झालं. गर्ट्रूडशी 1946मध्ये लग्न, चार मुलं, 1956पर्यंत जर्मनीत मुक्काम, मुलगा डोनाल्ड पुढे वकील होऊन वडिलांच्याच कामात, एवढंच मला माहीत आहे. घरात ते कसे होते ते घरचे जाणोत.

बाप म्हणून त्यांच्याबद्दल मला काही जाणवलं, ते दुसऱ्याच एका बापाच्या संदर्भात. मुख्य आरोपी ओटो ओहलेनडॉर्फ : सुशिक्षित, पाच मुलांचा बाप, आणि आपल्या पथकाने नव्वद हजार माणसं मारल्याचं कोर्टात शांतपणे सांगणारा. फाशी ठोठावल्यावर फेरेंझ त्याला भेटायला कोठडीकडे गेले. तुझ्यासाठी काही करू का, एवढंच विचारलं. बायकोला, मुलांना काही निरोप देईल, असं त्यांना वाटलं होतं. तो म्हणाला की तुम्ही जे केलंत त्याची फळं अमेरिकेतले ज्यू भोगतील. फेरेंझ तिथूनच परत फिरले.

मथळ्यातून 'समर्पित पिता' आजच काढतो आहे. गावकऱ्यांचा परिच्छेद न्यूरेंबर्गच्या आधी घालतो, तळटीप म्हणून नव्हे, मजकुरातच. चौदा आणि चार हे आकडेही शेजारी शेजारी येतील. मेळ लागतो का, तुम्हीच तपासा.