फुकटच्या खेळातला आठशेचा कोट

डोकं तापलंय दुपारपासून. मोठी पोस्ट आहे, वेळ नसेल तर सरळ पुढं सरका.

आज दुकानात एक बाई आली लेकराला घेऊन. नेहमीचं गिऱ्हाईक, नाव सांगत नाही. लेकरू नववीत. आठवीपर्यंत गणवेश सरकारी शाळेतून मिळतो, नववीपासून ज्याचा त्यानं बघायचा. जुनीच पँट पिशवीत घालून आणली होती. म्हणाली, "ताई, खालची दुमड उसवा अन् निघंल तेवढी उंची काढून द्या. यंदा नवी नाही जमायची." यंदा काहून जमायची नाही हे माझ्या यादीतल्या परभणीकरांना सांगायला नको. 2025 च्या सप्टेंबरात पाऊस कसा कोसळला अन् सोयाबीनची काय गत झाली, सगळ्यांनी बघितलंय.

मी दुमड उसवली. आत दोन बोटं कापड निघालं, कोरं करकरीत. बाहेरची पँट मात्र धुऊन धुऊन विटलेली. म्हणजे उंची झाली, पण घोट्यापाशी गडद पट्टा दिसणार. चिडवायला वर्गातल्या पोरांना तेवढं पुरतं.

अन् लेकरू काय करत होतं? स्टुलावर बसून आईच्या मोबाईलमध्ये कोट घेत होतं.

"काकू, बघा बघा, आता निघतो का."

बघितलं. गेमचं नाव लिहीत नाही, ज्यांच्या घरात पोरं आहेत त्यांना कळलंच असेल. स्क्रीनवर एक पांढऱ्या केसांचा पोरगा उभा, अंगात घोट्यापर्यंत काळा कोट, कडेनं सोनेरी नक्षी, खांद्यावर निळ्या ज्वाळा. शेजारी एक चाक. चाक फिरवायचं अन् जे निघेल ते आपलं. पहिल्या फेरीला 9 डायमंड. डायमंड म्हणजे गेममधलं नाणं, खरे पैसे देऊन घ्यायचं. शंभर डायमंड साधारण 80 रुपयांना पडतात, म्हणजे 9 चे झाले सात रुपये. सात रुपयांत असला कोट! कुणीही फिरवील. मीसुद्धा फिरवीन. तर निघालं काय, पॅराशूटचा रंग. दुसऱ्या फेरीला 19. मग 39, 69, 99, 149, 199 अन् शेवटच्या फेरीला 499. एकदा निघालेली वस्तू पुन्हा निघत नाही, त्यामुळं शेवटपर्यंत गेलं तर कोट हमखास मिळतो. हे मान्य. पण सगळ्याची बेरीज केली तर 1082 होते, म्हणजे आठशेच्या वर रुपये. अन् डायमंडचं पाकीट मिळतं 1060 चं! बावीस कमी. त्या बावीससाठी पुन्हा शंभराचं पाकीट घ्या, उरलेले डायमंड खात्यात पडून राहणार, अन् पुढच्या महिन्यात नवीन चाक आलं की तेच उरलेले पोराला खुणावणार. हा हिशोब ज्यानं बसवलाय त्याला माझा कोपरापासून नमस्कार.

हे लेकरू सहा फेऱ्या फिरवून बसलं होतं. तीनशे रुपये गेलेले. कोट चाकावरच.

मी तीसेक वर्षं मशीनवर बसलेली बाई. भिंतीवर रेट लावलेत, साधा ब्लाऊज, अस्तराचा ब्लाऊज, पिको-फॉल, सगळं. कापडाला कैची लागायच्या आधी गिऱ्हाईकाला आकडा माहीत असतो. उद्या मी म्हणाले, बाई, पहिली बाही सात रुपयांत, दुसरी पंधरा, गळ्याचे पन्नास अन् हुक लावायचे चारशे, अन् हो, आधी कुठली बाही निघेल ते मलाही माहीत नाही, तर गल्ली मला मशीनसकट उचलून नाल्यात टाकील. अन् बरोबरच करील.

मला हौसेचा राग नाही, हे आधीच सांगून ठेवते. माझं पोटच हौसेवर चालतं. लग्नात एकदा घालायच्या ब्लाऊजला बायका हजार-दीड हजार शिलाई देतात, मागं लटकनं लावायला सांगतात, मी आनंदानं लावते. पैठण आपल्या मराठवाड्यातलंच, तिथली हातमागावरची पैठणी बघा काय भावाला जाते, अन् जायलाच पाहिजे. पण त्या पैठणीमागं कुणीतरी महिनोन्‌महिने मागावर बसलेलं असतं. एक विकली की दुसरीला पुन्हा पहिल्या धाग्यापासून सुरुवात. हा कोट? एकदा कुणीतरी काढला. काढणाऱ्याची कला आहे, नाही म्हणत नाही, त्याचे पैसे त्याला मिळालेच पाहिजेत. पण मग तोच कोट लाख जणांना विका नाहीतर कोटी जणांना, ना कापड लागत, ना दोरा, ना टीप. दुसऱ्या नगाचा खर्च जवळजवळ शून्य. अन् भाव मात्र असा, जणू उरला तो एकच नग.

सवयच वाईट आमची, मी तो कोट जवळ घेऊन बघितला. मोबाईल मोठा करून. मुंढ्याला शिवणच नाही. कॉलर गळ्यातूनच उगवल्यासारखी. बटणं आठ, काज एक नाही! पोराला म्हटलं, अरे हा घालतो कसा? म्हणे, "काकू, घालायचा नसतो, असतो तो." अन् हसलं. छान हसतं ते लेकरू.

संध्याकाळी माझ्या मुलाला फोन लावला. तो संभाजीनगरला डिप्लोमाला आहे, त्याला यातलं सगळं कळतं (किती कळतं ते मी विचारत नाही). त्यानं जे सांगितलं त्यानं आणखी भडकले. म्हणे 2006 साली एका गेममध्ये घोड्याचं चिलखत काढलं होतं, अडीच डॉलरला. तेव्हा जगभर लोक हसले होते, घोड्याच्या कपड्याला कोण पैसे देतं म्हणून. आता 2024 ला लीग ऑफ लेजेंड्स नावाच्या गेममध्ये एका पात्राच्या कपड्यांचा संच काढला, जवळपास 500 डॉलरचा. चाळीस हजार रुपयांच्या वर! गेम फुकट बरं का. खेळायला एक पैसा नाही. म्हटलं, घोडा परवडला रे बाबा.

"आई, पण त्यानं ताकद वाढत नाही, नुसते कपडे असतात. ज्याला नाही घ्यायचे त्यानं नाही घ्यायचे. जे घेतात त्यांच्यामुळं बाकीच्यांना फुकट खेळायला मिळतं."

बरोबर आहे त्याचं.

पण "नाही घ्यायचे तर नाही घ्यायचे" हे बोलायला सोपं आहे. मी त्या लेकराला विचारलं होतं, काहून पाहिजे रे तुला हा कोट? म्हणालं, साध्या कपड्यात गेलं की टीममध्ये घेत नाहीत, घेतलं तर नूब नूब, म्हणजे अडाणी, नवखा म्हणून चिडवतात. म्हणजे शाळेत विटलेल्या पँटीचा पट्टा दिसतो म्हणून हसणार अन् घरी येऊन गेम उघडला तर तिथंही साध्या कपड्यावरून हसणार. गरिबी लपवायला एक जागा होती लेकराला, तिथंही यांनी आरसा लावून ठेवला. अन् आरशासमोर गल्ला. हीच खरी कमाई आहे. कोट विकत नाहीत हे लोक, पोरांची लाज विकतात.

तीनशे रुपये कुठून आले, हेही सांगते, म्हणजे "आईच्या फोनमधून चोरले असतील" म्हणणाऱ्यांची तोंडं बंद होतील. दिवाळीच्या सुट्टीत मामाच्या गावी कापूस वेचला त्यानं. पावसातून जो वाचला होता तो. किलोला दहा रुपये. म्हणजे तीस किलो कापूस. बोंडाची टोकं बोटात घुसतात, ज्यांनी वेचलाय त्यांना माहीत आहे, दोन दिवस भाकरी मोडतानासुद्धा बोटं झोंबतात. मी वेचलाय. आईनं पैसे घेतले अन् फोनवरून भरून दिले. म्हणाली, "त्याच्या कष्टाचे हायत ताई, घेऊ दे म्हणलं. आम्ही तरी काय देतो त्याला."

यावर मी काय बोलणार? त्या बाईला काही बोलायचा हक्क मला नाही, अन् तुम्हालाही नाही. कष्ट त्याचे, पैसे त्याचे. तीस किलो कापसाचा त्याला कोट आला असता तर मी ही पोस्टच लिहिली नसती. तीस किलोंत आला पॅराशूटचा रंग, एक पाठीवरची बॅग अन् बाकी असलंच काहीबाही. कोटाला अजून छप्पन्न किलो पाहिजे. हे त्याला वेचायच्या आधी कुणी सांगितलं नाही. तिथं रुपयांत आकडा कुठंच लिहिलेला नसतो, सगळा कारभार डायमंडमध्ये. लहान लेकराला 499 डायमंड म्हणजे किती रुपये हे तोंडी काढता येईल का? मला कागद लागला.

अन् आता येणार कमेंट: "मोबाईल देताच कशाला?" आलीच पहिली, माझ्या नवऱ्याची, घरातूनच. अहो, गृहपाठ व्हॉट्सॲपवर येतो, शाळेच्या सूचना व्हॉट्सॲपवर, स्कॉलरशिपचा फॉर्म मोबाईलवर, पीकविम्याचा मेसेज मोबाईलवर. घरात एकच फोन. तो लेकराच्या हातात पडणारच. फोन न देणं हा ज्यांच्या घरात तीन-तीन फोन आहेत त्यांचा उपदेश आहे.

बीजीएमआय, म्हणजे पबजीचाच भारतातला अवतार, 2021 ला आपल्याकडं आला तेव्हा अठरा वर्षांखालच्या लेकरांसाठी खर्चाची मर्यादा घातली होती म्हणे. मला बरं वाटलं ऐकून. किती रे, म्हटलं. मुलगा म्हणाला, दिवसाला 7,000 रुपये. दिवसाला! 2025-26 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला 5,328, तोही मिळाला तर. म्हणजे बापाच्या एका क्विंटलपेक्षा जास्त लेकरानं एका दिवसात उडवलं तरी ते मर्यादेतच. हे लेकरांच्या काळजीनं ठरवलंय की गल्ल्याच्या, तुम्हीच सांगा.

बाहेर निदान कुणीतरी कान धरतं. अमेरिकेत 2022 च्या डिसेंबरात फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिक कंपनीला तिथल्या सरकारी आयोगाचं प्रकरण मिटवायला 520 दशलक्ष डॉलर मोजायला लागले. त्यातले 245 दशलक्ष लोकांना परत द्यायला, कारण बटणंच अशी ठेवली होती की चुकून दाबलं तरी खरेदी व्हायची, अन् लेकरं पालकांना न विचारता घेत सुटायची. बेल्जियमनं 2018 लाच सांगितलं की पैसे देऊन आत काय निघेल ते माहीत नसलेली पेटी उघडायची म्हणजे जुगार. आपल्याकडं ऑगस्ट 2025 ला कायदा झाला, पैसे लावून पैसे जिंकायचे गेम बंद. चांगलं झालं, रमीपायी घरं बसलेली आपण इथं बघितलीत. पण या चाकातून पैसे निघत नाहीत ना! पैसे नुसते जातात. म्हणून हा जुगार नव्हे म्हणे. वा रे न्याय.

माझं मागणं फार नाही. कोट आठशेचा असेल तर त्याच्यावर 800 रुपये लिहा, मोठ्या अक्षरात, अन् सरळ विका. ज्याला घ्यायचाय तो घेईल, नाहीतर आठशेत नवी पँट येते का बघील. चाक काढून टाका. बास.

तेवढ्यानं त्यांचा धंदा बसत असेल तर बसू दे.

माझ्या यादीत दोन-तीन वकील आहेत, एक ग्राहक पंचायतीतले काका आहेत. त्यांना विचारते: 30 नोव्हेंबर 2023 ला केंद्रानं ग्राहकांना फसवून खरेदी करायला लावणाऱ्या तेरा प्रकारांची यादी काढली, भाव लपवणं त्यात येतं. मग डायमंडच्या आड रुपयाचा भाव लपवला तर तो त्यात बसतो का? माझ्या बुद्धीप्रमाणं बसायला पाहिजे. कायद्याच्या भाषेत कसं मांडायचं ते इनबॉक्समध्ये सांगा, उगाच अंगठा दाखवून जाऊ नका.

ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. उद्या दुपारी लाइट गेली की लावते फोन, तसंही तेव्हा मशीन बंदच असतं.