उजनीचं पाणी संथ आहे, म्हणून जॅकेट नको?

उजनी धरणावर कॅनू (वल्ह्याने चालवायची निमुळती होडी) घेऊन जाणाऱ्या सोलापुरातल्या सहलीच्या ग्रुपांवर एक संदेश फिरतोय: "उजनीचं पाणी साठलेलं, त्याला ओढ नाही. पोहणाऱ्याला लाइफ जॅकेट नको. कॅनू उलटलीच तर सरळ काठ गाठा. पुढे एक तरबेज माणूस असला की पुरे." कृपया हा संदेश पुढे पाठवू नका.

फुगवट्यात, म्हणजे धरणामागे साठलेल्या पाण्यात, ओढ फारशी नसते, हे खरं. पण तिथे घात करतो तो वारा. मोकळ्या पाण्याचा पल्ला जितका लांब तितकी लाट उंच, आणि उजनीत हा पल्ला कित्येक किलोमीटरचा आहे. 21 मे 2024 ला कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. सातपैकी एक जण पोहून काठाला लागला, सहा जण गेले. वळवाचे ढग बहुधा दुपारनंतर चढतात. म्हणून उजाडताच निघा, दहाच्या आत बाहेर या आणि काठ धरूनच चला. गडगडाट ऐकला की पाण्याबाहेर. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं परत उतरायचं नाही. लाट कॅनूच्या कुशीवर घेऊ नका. टोक तिला थोडं तिरकं ठेवा आणि गुडघ्यांवर या, म्हणजे वजन खाली राहतं.

जॅकेट पोहता येणाऱ्यालाही हवंच. पायात गोळा आला, डोक्याला कॅनूचा काठ लागला, तर पोहणं कामाचं नाही. कॅनूत ठेवलेलं जॅकेट पाण्यात पडल्यावर घालता येत नाही, कारण दोन्ही हात तरंगण्यात गुंतलेले असतात. निघण्याआधी जोडीदाराने खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढून बघावं. जॅकेट कानांपर्यंत सरकलं तर पट्टे आवळा, नाहीतर लहान मापाचं घ्या.

काठ पाण्यातून आहे त्यापेक्षा जवळ वाटतो, आणि माणूस अर्ध्यात दमतो. उलटलेली कॅनू मात्र तरंगते, लांबून दिसते. तिला धरून राहा. दुसऱ्या कॅनूने येऊन तिचं टोक उचलावं, पालथीच आपल्या कॅनूच्या काठांवर आडवी ओढावी, पाणी निथळू द्यावं, सुलटी करून परत सोडावी. मग दोन्ही कॅनू एकमेकींना घट्ट धरून ठेवायच्या आणि पाण्यातल्याला बाहेरच्या बाजूने चढवायचं. कंबरभर पाण्यात हे आधी करून बघितलेलं नसेल, तर लाटांत जमणार नाही.

संदेशातली सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे तो "पुढे एक तरबेज". पुढच्याची ग्रुपकडे पाठ असते. मागे कोण थांबलं, हे त्याला कळतच नाही. म्हणून जाणकार दोन हवेत, आणि त्यातला जास्त कसलेला शेवटच्या कॅनूत, 15 मीटर दोर आणि प्रथमोपचाराची पेटी घेऊन. नवखे मध्ये. पुढच्याच्या पुढे कुणी जायचं नाही, शेवटच्याच्या मागे कुणी राहायचं नाही, आणि प्रत्येक कॅनूने आपल्या मागची नजरेत ठेवायची. ती थांबली की आपणही थांबायचं. वेग सगळ्यात हळू कॅनूचा. शिट्टी प्रत्येकाच्या जॅकेटला: एक म्हणजे "इकडे बघा", तीन म्हणजे "मदत".

काठावरच्या एका माणसाकडे नावं, मार्ग आणि परतायची वेळ लिहून ठेवा. ती वेळ टळली आणि फोन लागेना, तर त्याने वाट न बघता 112 फिरवायचा.