पाईपवरचा देश वाचून पाईप कळत नाही

“तंबाखू ओढायचा स्वस्तातला, बिननावाचा पाईप घ्यायचा असेल तर त्याच्या दांडीवर छापलेला देश बघा. इटली, फ्रान्स, इंग्लंड असेल तर डोळे झाकून घ्या. चीन असेल किंवा काहीच लिहिलेलं नसेल तर हातही लावू नका.” हा सल्ला नव्याने पाईप घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला कुणी ना कुणी देतंच. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. ब्रँड नाही, हमी नाही, विकणारा ओळखीचा नाही, मग माणूस कुठलीतरी खूण शोधणारच. पण ही खूण चुकीची आहे आणि तिच्या भरवशावर लोकांनी पैसे घालवलेले मी पाहिले आहेत. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा असा सांगतात, की देश छापलाय म्हणजे लाकूड तिथलं. बहुतेक वेळा हे खरं नसतं. पाईपचं नावाजलेलं लाकूड म्हणजे ब्रायर. एरिका आर्बोरिया नावाच्या झुडपाच्या मुळाशी जमिनीखाली एक गाठ वाढते, ती हे ब्रायर. हे झुडूप भूमध्य समुद्राभोवती वाढतं: इटलीत कॅलाब्रिया आणि टस्कनी, शिवाय कॉर्सिका, सार्डिनिया, ग्रीस, अल्जेरिया, मोरोक्को. ‘लंडन मेड’ शिक्क्याच्या पाईपाचं लाकूड इंग्लंडचं नसतं. अमेरिकन पाईपांवर ‘इंपोर्टेड ब्रायर’ असं लिहीत, म्हणजे लाकूड बाहेरून आणलंय हे ते स्वतःच सांगत होते. फ्रान्सच्या जुरा डोंगरातलं सें-क्लोद हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ब्रायर पाईपांचं मोठं गाव. तिथल्या कोमोय घराण्यातला आन्री कोमोय १८७९ मध्ये लंडनला गेला आणि तिथे त्याने कारखाना काढला. तिथले पाईप पुढे इंग्लिश पाईप म्हणून नावाजले, पण त्यामागचं कसब सें-क्लोदचं होतं. अगदी अलीकडचं उदाहरण स्टॅनवेलचं. डॅनिश पाईप म्हटलं की हेच नाव पुढे यायचं, पण २०१०च्या सुमारास त्याचं उत्पादन डेन्मार्कहून इटलीत गेलं.

मग देशाचं नाव पाईपवर आलंच कुठून? याचं एक मोठं कारण जकात हे आहे. अमेरिकेच्या १८९०च्या मॅकिन्ली कायद्याने बाहेरून येणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव इंग्रजीत छापणं सक्तीचं केलं आणि १८९१ पासून ते लागू झालं. बशी असो, खेळणं असो की पाईप, सगळ्यांना एकच नियम. म्हणजे हा शिक्का मुळात कस्टमच्या माणसासाठी होता, तो पाईप ओढणाऱ्यासाठी नव्हता. त्यात गुणवत्तेची पावती वाचणं ही आपली भर आहे.

दुसरा मुद्दा, “इटली म्हणजे दर्जा.” इटलीत अप्रतिम पाईप होतात, याबद्दल वादच नाही. पण युरोप-अमेरिकेतल्या दुकानांत गल्ल्याशेजारी टोपलीत जे बिननावाचे स्वस्त पाईप पडलेले असत, त्यांतलेही ढिगाने इटलीचेच. मोठ्या कारखान्यांतून खोट निघालेला माल स्वतःचं नाव न घालता असाच बाहेर जाई. कसबी हाताचा पाईप आणि टोपलीतला पाईप, दोन्हींवर शिक्का एकच.

मुंबईच्या चोरबाजारात मी असाच एक पाईप घेतला होता. दांडीवर फक्त ‘इटली’, बाकी काही नाही. गडद तपकिरी, आरशासारखा चकचकीत. घरी आणून तोंडात धरायच्या नळीतून पाईप क्लीनर (साफ करायची केसाळ तार) घातला तर तो नळी-दांडीच्या सांध्यापाशी अडला. नळी काढून दुसऱ्या बाजूने पाहिलं तेव्हा कळलं, की गिरमिट तिरकं गेलेलं आहे. धूर जायचं भोक बाऊलच्या, म्हणजे तंबाखू भरायच्या वाटीच्या, तळाशी निघायला हवं, ते तळापासून चांगलं दोन-तीन मिलिमीटर वर, शिवाय एका बाजूला निघालेलं. अशा पाईपात तळाची तंबाखू जळत नाही, ओली होऊन बसते आणि नळीत पाणी गुरगुरतं. कितीही साफ करा, हा दोष जात नाही. चकचकीत वॉर्निश ओल्या फडक्याने आणि पॉलिश पेपरने उतरवलं तर खाली पुट्टीचे पाच ठिपके. ब्रायरच्या गाठीत वाढताना वाळूचे कण आणि खड्डे राहतात, म्हणून थोडी पुट्टी हा गुन्हा नाही. पण जाड रंगाखाली ती लपवली असेल तर आणखी काय लपवलंय, हा प्रश्न पडतोच. त्याच दिवशी त्याच माणसाकडून घेतलेला दुसरा पाईप, ज्यावर एक अक्षरही नाही, तो सरळ भोकाचा, हलका, बहुधा नासपतीच्या लाकडाचा आहे. संग्रहातला तोच मी लोकांना दाखवायला काढतो.

“चीन म्हणजे टाकाऊ” हा तिसरा मुद्दा. चीनमधून रोझवुडचे, भलभलत्या लाकडांचे आणि रंग थापलेले पाईप येतात हे खरं आहे. तिथेच भूमध्य समुद्राकडून ब्रायर मागवून नीट पाईप करणारेही आहेत. पोलंड आणि युक्रेनमध्ये नासपतीच्या लाकडाचे साधे, स्वस्त पाईप करतात. ते ब्रायरइतकी आच सोसत नाहीत, पण विकणारा ‘नासपती’ असं सरळ सांगून विकत असेल तर त्यात फसवणूक काय? फसवणूक कुठलंही लाकूड ब्रायर म्हणून विकण्यात आहे. ओळखायचं तर बाऊलच्या बाजू उजेडात धरा. ब्रायरमध्ये कुठे बारीक रेषा, कुठे पक्ष्याच्या डोळ्यासारखे दाट ठिपके दिसतात. रंग इतका जाड असेल की रेषाच दिसत नाही, तर तो पाईप कुठल्याही देशाचा असो, ठेवून द्या.

देश बघून काही कळतं अशी जागा मला मक्याच्या कणसाच्या पाईपात दिसते. मिसुरी राज्यातल्या वॉशिंग्टन गावी १८६९ पासून ते होतात आणि जाड बुरकुंडाचा मका त्यासाठी मुद्दाम पिकवतात. तरी मेरशॉमच्या बाबतीत पुन्हा सावध राहा. हा पांढरा दगड तुर्कस्तानात एस्किशेहिरला निघतो, पण अखंड दगड कोरून केलेला पाईप आणि भुकटी दाबून, चिकटवून केलेला पाईप, दोन्हींवर ‘तुर्कस्तान’ असू शकतं.

चौथा दावा मला सगळ्यात जास्त टोचतो: युरोपचा पाईप “कमी घातक” असतो म्हणे. धूर छातीत ओढला नाही तरी ओठ, तोंड, घसा यांच्या कर्करोगाचा धोका पाईपमध्ये असतोच, फुप्फुसाचाही असतो. तो तंबाखूमुळे आहे. लाकूड कॅलाब्रियाचं असलं म्हणून त्यात तसूभर फरक पडत नाही. विक्रीसाठी कुणी असं म्हणत असेल तर त्याच्याकडून काहीच घेऊ नये.

बिननावाचा पाईप ऑनलाइन बघत असाल तर विकणाऱ्याकडे दोन फोटो मागा. एक, नळीतून क्लीनर घालून त्याचं टोक बाऊलमध्ये कुठे बाहेर येतं ते दिसेल असा, वरून काढलेला. दुसरा, नळी काढून दांडीच्या तोंडाचा, भोक मधोमध आहे का ते दिसेल असा. शिक्क्याचा फोटो तो न मागताच पाठवतो.